स्टँडचा तुकडा

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यांमागच्या गल्लीत
जब्बारभाईंचं गॅरेज. वर पत्रा, आत कॉम्प्रेसर,
आणि कुठंतरी ठेवून विसरलेला अर्धा कप चहा.
तिथं मी गाडी ढकलत नेली.
चालवत नेली असती,
पण आदल्या दिवशी आसरा चौकात, सिग्नलला,
आडवी झाले होते. वेग शून्य असताना.
पडायला वेग लागतो असं मला वाटायचं.

उंची चार फूट अकरा.
गाडी लाल, नाकाडी, सेकंडहँड,
टॉवेलांतले तुटके धागे शोधून शोधून
साठवलेल्या अडीच वर्षांची.
बसले की दोन्ही पायांचे नुसते अंगठे टेकायचे,
फळीवरची चटणीची बरणी काढताना टेकायचे तसे.

जब्बारभाई हसले नाहीत.
"बसा," म्हणाले, आणि टेप काढून
माझ्या टाचेपासून जमिनीपर्यंतची हवा मोजली.
दोन इंच.
मला खूप जणांनी मोजलंय,
शाळेच्या रांगेत, बघायला आलेल्यांनी दारातच.
ही हवा कुणी मोजली नव्हती.

मागच्या सस्पेन्शनच्या पट्ट्या काढून
त्यांनी जराशा लांब पट्ट्या घातल्या.
"पट्टी वाढली की गाडी बसते. उलटा हिशेब आहे."
पुढचे फोर्क पकडीतून वर सरकवले.
"नुसती मागनं बसवली, तर हेडलाइट
झाडावरचे कावळे शोधत फिरंल."
सीटचा फोम सोलला, मांडीच्या बाजूनं तेवढाच.
मग साइड स्टँडपाशी उकिडवे बसून बराच वेळ गप्प.
"गाडी खाली आली न् हा आहे तेवढाच राहिला,
तर ती ताठ उभी राहणार.
ताठ उभी गाडी वाऱ्यानंसुद्धा पलीकडं जाते."
ग्राइंडर. ठिणग्या त्यांच्या चपलांवर.
मधला एक इंच कापून दोन टोकं परत जोडली,
आणि तो इंच फडक्यात गुंडाळून मला दिला.
अजून गरम होता.

जुन्या पट्ट्या डब्यात टाकल्या,
डब्यावर खडूनं नाव घातलं: भाग्यलक्ष्मी येमूल.
"न्यायला याल."
कशाला येईन, म्हटलं.
ते चहा शोधत होते.

घरी अम्मानं तुकडा राखेनं घासला
आणि विडीच्या पानांच्या गड्डीवर ठेवला.
आधी पानं उडायची म्हणून भर मेमध्येही
ती पंखा एकवर लावायची.
आता तीनवर.

मी उन्हाळाभर फिरले, दोन्ही टाचा टेकवून.
होटगी रोडच्या एकेका गतिरोधकानं
गाडीचं पोट खरवडलं.
मी जमिनीजवळ आले, तशी तीही आली होती,
आणि लागायचं तिलाच.

सप्टेंबरात एकदा, दुसऱ्या पाळीवरून येताना,
सात रस्त्याला थांबले होते. लाल दिवा, एकशेदहा सेकंद.
पन्नासच्या आसपास लक्षात आलं,
की डावाच पाय खाली आहे, कंबर जरा सरकलेली,
उजवा ब्रेकवर.
हे कधीपासून चाललंय, आठवेना.

डब्यावरचं नाव पुसट झालं होतं, येमूल तेवढं उरलेलं.
पट्ट्या परत चढल्या, फोर्क खाली आले.
"स्टँडचा तुकडा आणा," जब्बारभाई म्हणाले, "जोडून देतो."

अम्मानं मान वर केली नाही.
विडीला दोरा गुंडाळत म्हणाली,
"मग पंखा बंद करू?"

गाडी आता उंच आहे, स्टँड आखूड,
म्हणून उभी केली की फारच कलते,
कानात काही सांगायचं असल्यासारखी.
खाली शहाबादी फरशीची चकती घालावी लागते.
ती मी सॅकमध्ये घेऊन फिरते,
जेवणाच्या डब्याखाली.